विजेच्या वाहनाचा बाजारभाव आणि सोलापूरच्या बसची किंमत

विजेवर चालणाऱ्या वाहनांची चर्चा सोलापुरात सध्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ऐकू येते. एक ठिकाण म्हणजे घरातील बैठकीची खोली. पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेल्यापासून, पुढची दुचाकी किंवा मोटार विजेची घ्यावी का, हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबांत नेहमीचा झाला आहे. दुसरे ठिकाण म्हणजे शेअर बाजार. भ्रमणध्वनीवरून समभागांची खरेदी-विक्री करणे सोपे झाल्यानंतर बँकेतील मुदत ठेवीकडून अनेकजण तिकडे वळले आहेत, आणि 'उद्या सगळी वाहने विजेची होणार, मग आजच त्या कंपनीचे समभाग घेतलेले बरे' हा युक्तिवाद त्यांना पटू लागला आहे.

या दोन चर्चांच्या गलबल्यात तिसरा प्रश्न मात्र मागे पडतो. ज्यांच्याकडे मोटार नाही आणि बहुधा येणारही नाही, त्यांनी शहरात ये-जा कशी करायची? वरवर पाहता या प्रश्नाचा शेअर बाजाराशी संबंध दिसत नाही. पण विजेच्या वाहन कंपन्यांचे मूल्य कसे ठरते हे नीट पाहिले, तर त्या मूल्याच्या मुळाशी असलेले एक गृहीत लक्षात येते. प्रत्येक घराने स्वतःचे वाहन घ्यावे, हे ते गृहीत. सोलापूरसारख्या शहराची गरज नेमकी तीच आहे का, हे तपासून पाहायला हवे.

बाजारमूल्य म्हणजे काय?

एखाद्या कंपनीचे बाजारमूल्य अमुक हजार कोटी रुपये आहे, असे आपण वाचतो तेव्हा तेवढे पैसे त्या कंपनीच्या तिजोरीत आहेत, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. एका समभागाचा बाजारातील भाव आणि एकूण समभागांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे बाजारमूल्य. भाव बदलला की मूल्य बदलते. कारखान्यातील एक खिळाही हललेला नसताना मूल्य दुप्पट होऊ शकते आणि निम्म्यावरही येऊ शकते.

ओला इलेक्ट्रिक या कंपनीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये या कंपनीने प्रत्येकी ७६ रुपये दराने समभागांची प्रारंभिक विक्री केली. त्या दराने कंपनीचे एकूण मूल्य सुमारे ३३,५०० कोटी रुपये होत होते. त्याआधीच्या, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे १,५८४ कोटी रुपयांचा तोटा झाला होता. तरीही नोंदणी झाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत भाव १५७ रुपयांच्या आसपास पोहोचला आणि मूल्य ६९,००० कोटींच्या घरात गेले. पुढे उतार सुरू झाला. जुलै २०२५ मध्ये हाच समभाग ४० रुपयांच्या आसपास मिळत होता.

तोट्यातील कंपनीला एवढे मूल्य कशाच्या आधारावर मिळते? त्याचे उत्तर भविष्यात आहे. गुंतवणूकदार कंपनीच्या आजच्या कमाईला किंमत देत नाहीत. पुढील दहा-पंधरा वर्षांत ती किती कमावील, याच्या अंदाजाला देतात. हा अंदाज किती मोठा असावा लागतो, हे एका साध्या हिशोबाने समजून घेता येईल.

समजा, भरभराटीला आलेल्या वाहन कंपनीला तिच्या वार्षिक नफ्याच्या तीसपट मूल्य मिळते. समजा, एका स्कूटरमागे सर्व खर्च व कर वजा जाता पाच हजार रुपये नफा उरतो. हे दोन्ही आकडे केवळ हिशोबासाठी धरलेले आहेत आणि ते फारसे कंजूषपणाचे नाहीत. मग ३३,५०० कोटींचे मूल्य सार्थ ठरण्यासाठी वर्षाला सुमारे १,११७ कोटींचा नफा हवा, म्हणजे वर्षाला २२ लाखांहून अधिक स्कूटर विकल्या जायला हव्यात. ६९,००० कोटींसाठी हा आकडा ४६ लाखांवर जातो. २०२४-२५ मध्ये संपूर्ण देशात सर्व कंपन्यांच्या मिळून विजेवरील दुचाकींची नोंदणी साडेअकरा लाखांच्या आसपास होती. म्हणजे ऑगस्ट २०२४ मधील तो चढा भाव देणाऱ्याने एकाच कंपनीकडून, त्या वेळच्या संपूर्ण बाजाराच्या चौपट विक्रीची अपेक्षा धरली होती.

अशी अपेक्षा धरणे हा गुन्हा नव्हे. मात्र बाजारात एकटीच कंपनी असेल असे धरून चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मासिक नोंदणीत पुण्याच्या बजाज ऑटोच्या विजेवरील 'चेतक'ने ओलाला मागे टाकले. ज्या चेतकची एकेकाळी आपल्याकडे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तिचा हा विजेवरील अवतार जानेवारी २०२० पासून विक्रीला आला. बजाजसारखी जुनी, नफ्यातील कंपनी पेट्रोलच्या दुचाकींवर कमावलेल्या पैशातून विजेच्या स्कूटरचा सुरुवातीचा तोटा सोसू शकते. नव्या कंपनीला ती सोय नसते. तिला पुन्हा पुन्हा भांडवल उभारावे लागते.

याउलट, एथर एनर्जी या दुसऱ्या नव्या कंपनीने मे २०२५ मध्ये बाजारात पाऊल ठेवले तेव्हा तिच्याविषयी फारसा उत्साह नव्हता. ३२१ रुपये दराने तिचे मूल्य सुमारे १२ हजार कोटी रुपये होत होते आणि २०२४-२५ मधील तिचा तोटा ८१२ कोटींचा होता. पण त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी तिचा भाव दुपटीवर गेला. तात्पर्य, दोन्ही कंपन्या तोट्यात, दोन्हींचे उत्पादन एकाच प्रकारचे. तरीही एकीच्या भागधारकाचे पैसे निम्म्यावर आले आणि दुसरीच्या भागधारकाचे दुप्पट झाले. 'विजेच्या वाहनांना भवितव्य आहे' हे विधान दोघांच्याही बाबतीत खरेच होते. पण तेवढ्या एका विधानावरून कोणता समभाग घ्यावा, हे ठरत नाही.

वाटाघाटीतून ठरणारे मूल्य

बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे मूल्य तर याहून लवचीक असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा मोटर्सने आपल्या विजेच्या मोटारींच्या व्यवसायासाठी स्वतंत्र कंपनी काढण्याचे ठरवले, तेव्हा टीपीजी या परदेशी गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने तीत ७,५०० कोटी रुपये घालण्याचा करार झाला. त्या बदल्यात गुंतवणूकदारांना मिळणारा वाटा ११ ते १५ टक्के असा ठेवण्यात आला. ७,५०० कोटी म्हणजे जर ११ टक्के, तर संपूर्ण कंपनीचे मूल्य सुमारे ६८ हजार कोटी होते; आणि तेच जर १५ टक्के असतील तर ५० हजार कोटी. रक्कम तीच, कंपनी तीच, पण मूल्यात १८ हजार कोटींची तफावत. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत अर्थातच मोठा आकडा झळकला.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये महिंद्र समूहाने असाच व्यवहार केला. ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट या संस्थेने १,९२५ कोटी रुपये गुंतवण्याचे मान्य केले आणि त्या हिशोबाने नव्या कंपनीचे मूल्य ७० हजार कोटींपर्यंत ठरवण्यात आले. हे सत्तर हजार कोटी कोणी प्रत्यक्ष मोजून दिले नव्हते. पावणेतीन टक्क्यांच्या आसपासच्या वाट्याला जी किंमत मिळाली, तीच बाकीच्या वाट्यालाही लावली गेली. गल्लीतील एका खोलीला चढा भाव मिळाला म्हणून सगळ्या गल्लीची किंमत त्या भावाने मोजावी, तसाच हा प्रकार.

परदेशातही याचे अनुभव कमी नाहीत. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने बाजारमूल्यात टोयोटाला मागे टाकले. त्याआधीच्या वर्षात टेस्लाने ३ लाख ६७ हजार मोटारी विकल्या होत्या, तर टोयोटा समूहाने एक कोटीहून अधिक. टेस्लाच्या बाबतीत गुंतवणूकदारांचा विश्वास बऱ्याच अंशी फळाला आला. कंपनी नफ्यात आली. मात्र त्या यशाकडे पाहून इतरांवर लावलेले पैसे अनेकदा बुडाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिव्हियन ही कंपनी बाजारात आली तेव्हा तिने दीडशेच्या आसपासच गाड्या ग्राहकांना दिल्या होत्या, तरी तिचे मूल्य १०० अब्ज डॉलरच्या वर गेले. पुढे तो समभाग विक्रीच्या दराच्या कितीतरी खाली आला. २०२० मध्ये काही काळ फोर्डपेक्षा मोठी ठरलेली निकोला ही कंपनी तर फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

जुन्या गिरणीचा धडा

समभाग म्हणजे नेमके काय, याचा धडा सोलापूरला नवा नाही. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अगदी सुरुवातीच्या काळात ज्या खटल्यांत या प्रश्नाचा ऊहापोह केला, ते खटले सोलापूरच्या जुन्या गिरणीचेच होते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ही गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद करण्यात आली. हजारो कामगारांच्या चुली विझण्याची वेळ आली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचे व्यवस्थापन हाती घेतले आणि नंतर त्याचा कायदा केला.

एका भागधारकाने त्याला आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने त्याचा अर्ज फेटाळताना न्यायालयाने जो भेद स्पष्ट केला, तो आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. कंपनीची मालमत्ता ही कंपनीची असते. भागधारकाच्या मालकीचा असतो तो केवळ त्याचा समभाग आणि त्याबरोबर येणारे लाभांशासारखे हक्क. गिरणीतील चात्या आणि माग त्याचे नव्हेत. पुढे सरकारनियुक्त संचालकांनी प्राधान्य समभागांवर भरायचे राहिलेले प्रत्येकी ५० रुपये मागितले, तेव्हा दुसरा भागधारक न्यायालयात गेला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. घटनेतील मालमत्तेच्या हक्काच्या इतिहासात या दोन्ही निकालांना मोठे स्थान आहे.

या निकालांतून सामान्य गुंतवणूकदाराने घ्यायचा बोध साधा आहे. समभाग घेणे म्हणजे कारखाना घेणे नव्हे. त्या कारखान्याच्या भावी नफ्यातील हिस्सा घेणे होय. दुसरा बोध शहरासाठी आहे. गिरणीचा समभाग कोणत्या भावाने विकला जातो आणि गिरणीचा भोंगा उद्या वाजणार की नाही, हे दोन वेगळे प्रश्न होते. गिरणगावच्या संसाराची घडी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होती. वाहतुकीच्या बाबतीत आज तसेच आहे.

सोलापूरकर प्रवास कसा करतात?

विजेच्या वाहन कंपनीचे मूल्य वाढायचे तर वाहने अधिकाधिक विकली जायला हवीत. कंपनीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण नवी पेठेत किंवा सात रस्त्यावर संध्याकाळी वाहन उभे करायला जागा शोधणाऱ्याला विचारले तर तो सांगेल की, समोरची मोटार पेट्रोलची आहे की विजेची, याने जागेत फरक पडत नाही. विजेची मोटार धूर सोडत नाही, आवाज करत नाही. पण रस्ता मात्र तेवढाच अडवते. दिवसातून दीड तास चालणारी मोटार उरलेले साडेबावीस तास कुठेतरी उभीच असते.

आणि तिचा धूरही पूर्णपणे नाहीसा होत नाही. शहराला लागूनच, दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचा १,३२० मेगावॉट क्षमतेचा कोळशावरील वीजप्रकल्प आहे. आपल्या विजेचा बराचसा भाग अजून कोळशातूनच येतो. विजेची मोटार ऊर्जेचा वापर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरीने करते, म्हणून एकूण प्रदूषणात ती सरसच ठरते, हे मान्य करायला हवे. परंतु चाळीस प्रवासी नेणारी बस आणि एकट्या चालकाला नेणारी मोटार यांतील फरक इंधन बदलल्याने मिटत नाही.

लांबच्या प्रवासात तर विजेच्या वाहनाचा प्रश्न सोलापूरने कधीच सोडवला आहे. ते वाहन म्हणजे रेल्वे. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला. आता हा मार्ग दुहेरी झाला आहे आणि त्याचे विद्युतीकरणही पूर्ण झाले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेसने सुमारे ४५५ किलोमीटरचे अंतर साडेसहा तासांच्या आसपास आणून ठेवले. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि २००१ पासूनची पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस यांना तर सोलापूरकर घरच्यासारखेच मानतात. पुण्याला जाण्यासाठी विजेची मोटार घ्यावी का, वाटेत चार्जिंगची सोय कुठे मिळेल, याची चिंता करणाऱ्याने स्थानकावर जाऊन तिकीट काढले तर त्याचा प्रवास विजेवरच होतो. तोही गाडी चालवण्याचा त्रास न घेता.

खरी अडचण आहे ती स्थानकापर्यंत पोहोचण्याची आणि शहरातल्या शहरात फिरण्याची. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या पुढे होती. एवढ्या शहराला आधार असायला हवा तो महापालिकेच्या परिवहन उपक्रमाचा. पण या उपक्रमाची स्थिती अनेक वर्षे नाजूक राहिली आहे. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून मोठ्या अपेक्षेने आणलेल्या बसगाड्यांपैकी अनेकींच्या चासीला तडे गेल्याचे आढळले, त्या आगारात उभ्या राहिल्या आणि प्रकरण वादात अडकले. बस वेळेवर येत नाही म्हणून प्रवासी रिक्षाकडे वळतो, प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेला प्रवासीही हप्त्यावर दुचाकी घेतो. या दुष्टचक्राचा फायदा दुचाकी कंपन्यांना होतो. मात्र तो शहराच्या नफ्या-तोट्याच्या पत्रकात तोटा म्हणून मांडायला हवा.

कुंभारीचा प्रश्न

या तोट्याची सर्वाधिक झळ कोणाला बसते, हे पाहायचे असेल तर कुंभारीच्या रे नगरकडे पाहावे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, फेरीवाले अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी येथे तीस हजार घरांची वसाहत उभारण्याची योजना हाती घेण्यात आली. त्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. कष्टकऱ्यांना स्वतःचे पक्के घर मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु वसाहत शहराबाहेर आहे आणि काम अजूनही बव्हंशी शहराशी जोडलेले आहे.

विडी वळणाऱ्या स्त्रीला पाने आणि तंबाखू आणण्यासाठी व तयार विड्या पोचवण्यासाठी कारखान्यात जावे लागते. यंत्रमागावरील कामगाराला पाळीच्या वेळेवर हजर राहावे लागते. फेरीवाल्याला पहाटे बाजार गाठावा लागतो. यांच्यासाठी पर्याय 'पेट्रोलची मोटार की विजेची मोटार' असा नाही. बस, शेअर रिक्षा, सायकल आणि स्वतःचे पाय, हे त्यांचे पर्याय आहेत. रिक्षाचे दोन वेळचे भाडे रोजच्या मजुरीतून वजा झाले की उरते किती, हा हिशोब त्या घरातील स्त्रीला कोणत्याही अर्थतज्ज्ञापेक्षा नेमका ठाऊक असतो. वेळेवर येणारी बस तिच्यासाठी पगारवाढच ठरेल. या 'मूल्या'ची नोंद मात्र कोणत्याही शेअर बाजारात होत नाही.

जिथे दोन्ही हिशोब एकत्र येतात

विजेची बस हे असे वाहन आहे, की जेथे कंपनीचे मूल्य आणि शहराची गरज एकमेकांना भिडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने 'पीएम ई-बस सेवा' योजना मंजूर केली. ५७,६१३ कोटी रुपयांच्या या योजनेतून देशभरातील शहरांना दहा हजार विजेच्या बस मिळायच्या आहेत आणि त्यात सोलापूरसाठी १०० बस मंजूर झाल्या. यात बस महापालिकेने विकत घ्यायची नसते. ती कंत्राटदार कंपनीची असते. बस, चालक आणि देखभाल कंपनीची, आणि महापालिकेने तिला प्रतिकिलोमीटर ठरलेला दर द्यायचा. केंद्र दहा वर्षांपर्यंत या दराचा काही भाग उचलते: बसच्या आकारानुसार किलोमीटरला २० ते २४ रुपये.

याचा अर्थ काय, हे पुन्हा एका कल्पित हिशोबाने पाहू. समजा, करार किलोमीटरला ६० रुपयांचा आहे आणि केंद्राचे २२ रुपये मिळतात. महापालिकेच्या वाट्याला उरले ३८ रुपये. एक बस दिवसाला १८० किलोमीटर धावली तर रोजचे ६,८४० रुपये झाले. सरासरी तिकीट १२ रुपये धरले तर त्या बसमध्ये दिवसभरात ५७० प्रवासी बसायला हवेत. तेवढे बसले तर बस स्वतःच्या पायावर उभी राहते. निम्मेच बसले तर शंभर बसमागे वर्षाला साडेबारा कोटींच्या आसपास रक्कम महापालिकेला पदरची घालावी लागेल. बस रिकामी धावो की भरलेली, कंपनीला किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात.

म्हणूनच अशा कंपन्यांचे मूल्यही शेवटी महापालिकांच्या आणि महामंडळांच्या पैसे देण्याच्या क्षमतेवर उभे असते. ही भीती खरी असल्यामुळेच सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राला ३,४३५ कोटींची वेगळी हमी योजना आणावी लागली. परिवहन उपक्रमाने पैसे थकवले तर आधी त्या निधीतून कंपनीला द्यायचे आणि नंतर ते वसूल करायचे, अशी ही व्यवस्था आहे.

केवळ मागणी नोंदवली गेली म्हणून बस रस्त्यावर येत नाहीत, हेही महाराष्ट्राने अनुभवले आहे. जुलै २०२३ मध्ये एसटी महामंडळाच्या ५,१५० विजेच्या बसचे कंत्राट जाहीर होताच त्या बस बनवणाऱ्या ऑलेक्ट्रा ग्रीनटेक कंपनीच्या समभागाने उसळी घेतली. बाजाराने बस धावू लागल्या असे जणू त्याच दिवशी धरले. प्रत्यक्षात पुरवठा रखडत गेला आणि मे २०२५ मध्ये हे कंत्राट रद्द करण्याचे निर्देश देण्यापर्यंत परिवहनमंत्र्यांवर वेळ आली. भाव आधी येतो, बस नंतर येते, आणि कधीकधी तर येतच नाही.

सोलापूरने यातून काय शिकावे? बसच्या संख्येपेक्षा तिच्या फेऱ्यांकडे लक्ष द्यावे. दर दहा मिनिटांनी बस येणारे चार मार्ग हे तासाला एक बस येणाऱ्या चाळीस मार्गांपेक्षा प्रवाशांना अधिक उपयोगी पडतात, कारण तेव्हाच प्रवासी वेळापत्रक न पाहता थांब्यावर येतो. रेल्वे स्थानक, एसटी स्थानक, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत, जुळे सोलापूर आणि कुंभारी यांना जोडणारे मोजके मार्ग आधी पक्के करावेत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पलीकडे जाणाऱ्या या शहरात थांब्यावर सावली हवी. सावलीविना थांबा म्हणजे प्रवाशाला रिक्षात बसण्याचे निमंत्रणच. पदपथ मोकळे हवेत, कारण बसचा प्रत्येक प्रवासी आधी आणि नंतर पादचारीच असतो. या कामांना वातानुकूलित गाड्यांइतका खर्च येत नाही, फक्त त्यांच्या उद्घाटनाची छायाचित्रे छापून येत नाहीत.

तीन प्रश्न वेगळे ठेवावेत

आता पुन्हा घरातील बैठकीकडे येऊ. विजेच्या वाहनांविषयी निर्णय घेताना वाचकांनी तीन प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत.

पहिला प्रश्न, हे वाहन माझ्यासाठी चांगले आहे का? ज्याला रोज तीस-चाळीस किलोमीटर दुचाकीवर फिरावेच लागते, त्याच्यासाठी विजेच्या स्कूटरचा हिशोब बहुधा जमतो. पेट्रोलला किलोमीटरमागे दोन रुपयांहून अधिक पडत असतील, तर विजेला घरगुती दराने पन्नास पैशांच्याही आत भागते. मात्र घराजवळ चार्जिंगची सुरक्षित सोय, बॅटरीची हमी आणि गावातच दुरुस्तीची व्यवस्था आहे ना, हे आधी पाहावे. तीव्र उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते, हे सोलापुरात विशेष ध्यानात ठेवायला हवे. दिवसातून चार किलोमीटर जाणाऱ्याला मात्र वाचलेल्या पेट्रोलमधून वाहनाची जादा किंमत वसूल व्हायला फार वर्षे लागतील.

दुसरा प्रश्न, या कंपनीचा समभाग चांगला आहे का? त्याचे उत्तर स्कूटर चालवून मिळत नाही. कंपनीला एका वाहनामागे किती सुटते, सरकारी अनुदान आटले तर ती टिकेल का, पुढील दोन वर्षांचा तोटा भरून काढायला तिच्याकडे रोकड आहे का आणि आजच्या भावात किती वर्षांची स्वप्ने आधीच मोजून घेतलेली आहेत, हे पाहावे लागते. अनुदानाचा मुद्दा नजरेआड करण्यासारखा नाही. जून २०२३ मध्ये केंद्राने विजेच्या दुचाकींवरील अनुदान कमी केले, तेव्हा स्कूटरच्या किमती वाढवाव्या लागल्या आणि विक्रीला लगेच फटका बसला. मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा अशा समभागांत घालणे म्हणजे इतरांच्या अंदाजावर आपली भाकरी ठेवणे होय.

तिसरा प्रश्न, माझ्या शहरासाठी काय चांगले आहे? याचे उत्तर ना वाहनाच्या दुकानात मिळते, ना दलालाच्या कचेरीत. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात शोधावे लागते. परिवहन उपक्रमासाठी किती तरतूद झाली, मंजूर बसपैकी किती प्रत्यक्ष धावतात, प्रतिकिलोमीटर काय दर ठरला, थांबे किती बांधले, हे आकडे नागरिकांनी समभागाच्या भावाइतक्याच आस्थेने विचारायला हवेत. ज्याच्या दारात मोटार आहे, त्यालाही यात स्वार्थ आहे. बसमध्ये बसलेला प्रत्येक प्रवासी त्याच्यासाठी रस्ता मोकळा करत असतो.

विजेच्या वाहनांचे युग येत आहे आणि ते आलेच पाहिजे. त्या युगात कोणत्या कंपनीचे मूल्य किती लाख कोटी होईल, हे बाजार ठरवील आणि पुन्हा पुन्हा बदलील. कुंभारीहून सकाळी निघालेली विडी कामगार स्त्री वेळेवर कारखान्यात पोहोचते की नाही, हे मात्र बाजार ठरवणार नाही. ते सोलापूरकरांनी आणि त्यांनी निवडून दिलेल्या महापालिकेनेच ठरवायचे आहे.